एलडीएच वाढला, एसीई वाढला... बाबांना सिलिकोसिस झालाय का?

या वेळचं पत्र हातकणंगले तालुक्यातून आलं आहे. विषय सिलिकोसिस, म्हणजे वाळूतल्या सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसून होणारा आजार. थोडं छोटं करून देतो.

«डॉक्टर, नमस्कार. माझे बाबा ५३ वर्षांचे आहेत. २४ वर्षं फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) काम करतात. पहिली दहा वर्षं नॉकआउटला (साचा फोडून ओतीव भाग बाहेर काढायला) होते, आता फेटलिंगला (तो भाग घासून साफ करायला) ग्राइंडरवर असतात. सगळी नोकरी ठेकेदाराकडे, मधे तीन ठेकेदार बदलले. गेल्या महिन्यात कारखान्याच्या गेटवर एका खासगी लॅबचं शिबिर झालं. रिपोर्टमध्ये एलडीएच ३१८ (नॉर्मल १४० ते २८०) आणि एसीई ७४ (नॉर्मल ८ ते ५२) आलं. लॅबचा मुलगा म्हणाला, "हे फुप्फुसाचे एन्झाइम आहेत, वाढलेत म्हणजे धूळ बसलीय," आणि साडेसहा हजारांचं पुढचं पॅकेज करायला सांगितलं. बाबांच्याच खात्यातल्या शेजारच्या काकांचं एसीई फक्त ६ आलं. ते खूश आहेत. म्हणतात, मी रोज गूळ खातो म्हणून. खरं तर दम त्यांनाच जास्त लागतो. त्यांना बीपीची गोळी चालू आहे. बाबांना शुगर आहे, बिडी आठ वर्षांपूर्वी सोडली. जिना चढताना मधे थांबतात. २०१८ ला टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता. थुंकीत काही सापडलं नव्हतं, छातीच्या फोटोवरून औषध दिलं होतं. पॅकेज करू का? आईचं आणि आमचंही रक्त तपासावं का? बाबांचे कपडे आई धुते. बाबा म्हणतात, नाव काढलंस तर काम जाईल.»

सोबत रिपोर्टचा फोटोही जोडला आहे. तो जोडलात हे फार बरं केलंत. का ते पुढे सांगतो.

पॅकेज करू नका. त्यात पुन्हा त्याच जातीचे आकडे येतील, थोडे जास्त आणि रंगीत कागदावर. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या पैशांत मिळणार नाही. ज्या तपासणीत मिळेल ती सरकारी दवाखान्यात जवळपास फुकट होते, आणि तिची सुरुवात सुईने होत नाही.

आधी एलडीएच. एन्झाइम म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, पुस्तकी मराठीत विकर. एलडीएच हे विकर जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं: हृदयात, यकृतात, स्नायूंत, तांबड्या रक्तपेशींत आणि फुप्फुसातही. पेशी फुटली की ते बाहेर सांडतं आणि रक्तात वाढलेलं दिसतं. म्हणजे एलडीएच वाढला याचा अर्थ शरीरात कुठेतरी काही पेशी फुटल्या, एवढाच. कुठल्या, ते हा आकडा सांगत नाही. गावात कुणाच्या तरी घरी भांडं पडल्याचा आवाज आला. घर कुठलं, ते आवाजावरून कसं कळणार? या विकराचे पाच उपप्रकार आहेत आणि त्यातला तिसरा फुप्फुसात तुलनेने जास्त असतो हे खरं. पण तुमच्या रिपोर्टमध्ये पाचांची बेरीज आहे, वेगवेगळे आकडे नाहीत.

आता तो फोटो. रिपोर्टच्या तळाला, अगदी बारीक अक्षरांत, लॅबनेच छापलं आहे: "सॅम्पल माइल्डली हिमोलाइज्ड". म्हणजे रक्त काढताना किंवा नेताना नळीतल्या काही तांबड्या पेशी फुटल्या होत्या. बारीक सुई, घाईने ओढलेली सिरिंज, दुपारचं ऊन, मोटारसायकलच्या डिकीत आदळत गेलेल्या नळ्या, गेटवरच्या शिबिरात हे सगळं घडतं. तांबड्या पेशीत एलडीएच ठासून भरलेलं असतं. ती नळीत फुटली तरी मशीन आकडा वाढवूनच देणार. त्याच कागदावर पोटॅशियम आणि एसजीओटी हे आणखी एक विकरसुद्धा वरच्या कडेला टेकलेत, तीही त्याच सांडलेल्या पेशींची खूण. शिवाय बाबांनी आदली पाळी ग्राइंडर उचलण्यात घालवली असेल तर स्नायूंतूनही थोडं आलं असेल. एलडीएच पुन्हा करायचाच असेल तर विश्रांतीच्या दिवशी, दवाखान्यात, नीट काढलेल्या रक्तावर करा. पुन्हाही वाढलेला आला तर डॉक्टर त्याचं कारण शोधतील आणि ते शोधायलाच हवं. पण आज त्या ३१८ वर झोप घालवू नका. स्वतः छापलेली ओळ न वाचता पॅकेज विकणाऱ्या त्या मुलाला मी फार दोष देत नाही. त्याला टार्गेट असतं. ती ओळ वाचायचं काम ज्या सहीवाल्याचं होतं, त्याचं मला आश्चर्य वाटतं.

एसीईची गोष्ट जरा वेगळी आणि जास्त रंजक आहे. हे विकर रक्तदाब सांभाळणाऱ्या साखळीतली एक कडी आहे, आणि ते मोठ्या प्रमाणावर तयार होतं ते फुप्फुसातल्या केशवाहिन्यांच्या अस्तरात. म्हणून "फुप्फुसाचा एन्झाइम" हे लॅबच्या मुलाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. १९७५ च्या सुमारास सार्कॉइडोसिस नावाच्या आजारात ते वाढतं असं लक्षात आलं. त्या आजारात फुप्फुसात पेशींच्या बारीक गाठी होतात आणि त्या गाठीच हे विकर बनवतात. सिलिकोसिसमध्येही फुप्फुसात गाठी होतात, तेव्हा सत्तरच्या दशकाच्या शेवटी संशोधकांनी धुळीच्या कामगारांचं रक्त तपासायला घेतलं. काही रुग्णांत ते वाढलेलं सापडलं. काहींत नाही सापडलं.

बहुतेक घोळ इथेच होतो, म्हणून थोडं थांबतो. अभ्यासात एका बाजूला सिलिकोसिसचे रुग्ण घेतात, दुसऱ्या बाजूला निरोगी माणसं, आणि दोन गटांच्या सरासरीत फरक आहे का ते बघतात. फरक सापडतो, निबंध छापून येतो. पण सरासरी गटाची असते, माणसाची नसते. कोल्हापुरातल्या तालमींतल्या पोरांचं सरासरी वजन आणि एखाद्या पतसंस्थेतल्या कारकुनांचं सरासरी वजन काढलं तर पोरं जड भरतील. म्हणून नव्वद किलोचा माणूस काउंटरवर आला की तो पैलवान, असं तुम्ही म्हणाल का? आणि साठ किलोचा कुस्ती खेळतच नाही, असं? एसीई मधुमेहातही थोडं वाढतं, थायरॉइड वाढल्यावर वाढतं, आणि जन्मजात जनुकांमुळे एका निरोगी माणसाचं दुसऱ्या निरोगी माणसापेक्षा बरंच जास्त असू शकतं. बाबांना शुगर आहे. ७४ हा आकडा सिलिकोसिस आहे म्हणून आला असेल, शुगर आहे म्हणून आला असेल, किंवा त्यांचा मुळातच तेवढा असेल. त्या आकड्यावरून मी यांपैकी काहीच ठरवू शकत नाही, आणि दुसरा कुणी ठरवू शकतो असं म्हणत असेल तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नका.

आता शेजारचे काका. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त टोचलेलं वाक्य त्यांचं आहे. त्यांच्या बीपीच्या गोळीचं पाकीट बघा. नावाच्या शेवटी "प्रिल" आहे का? रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल ही औषधं काम करतात तीच एसीई या विकराला अडवून. ती गोळी चालू असेल तर रक्तात एसीई कमी मोजलं जाणारच. तो आकडा गोळीचा आहे, फुप्फुसाचा नाही. "प्रिल" नसेल तरी कमी आकडा म्हणजे छाती साफ असा अर्थ निघत नाही, कारण सिलिकोसिस असूनही एसीई नॉर्मल असलेले पुष्कळ असतात. (या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकलाही लागतो. काकांना तसा असेल तर डॉक्टरांना सांगावं, गोळी स्वतःहून बंद करू नये. पण दम लागणं त्या गोळीच्या माथी मारता येत नाही.) तेव्हा काकांना खुशीतून थोडं खाली उतरवा, जरा जपून.

आणि गूळ. धुळीच्या कामावर गूळ द्यायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, आणि गुळाच्या गावात तर ती असणारच. तिला पार वेड्यात काढायलाही मी तयार नाही: लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी कोळशाची आणि सिलिकाची धूळ दिलेल्या उंदरांना गूळ खाऊ घालून पाहिलं होतं, आणि गूळ खाल्लेल्या उंदरांच्या फुप्फुसांतून कण जास्त हलले असं १९९४ साली प्रसिद्ध केलं होतं. पण ते उंदीर होते. फेटलिंगच्या माणसाला गुळाने सिलिकोसिस टळतो असं त्यावरून ठरत नाही. गुळाचा खडा घसा ओला करतो, तरतरी देतो, आणि तुमच्या बाबांसारख्याची शुगर वाढवतो. कारखान्यात धूळ ओढणाऱ्या पंख्याच्या जागी गूळ वाटला जात असेल तर तो गूळ मालकाला फार स्वस्त पडतो.

धूळ आत काय करते ते सांगितलं की पुढचं सगळं सोपं होईल. साच्याची वाळू म्हणजे बहुतांशी सिलिका. तुमच्याकडच्या फौंड्रीत येणारी बरीचशी वाळू घाटाखालून, सिंधुदुर्गातल्या कासार्डे-फोंडा भागातून येते. आख्खा वाळूचा दाणा नाकातच अडतो, त्याची भीती नाही. पण साचा फोडताना तापलेली वाळू चिरडते आणि फेटलिंगला कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागावर, भाजून चिकटलेली वाळू ग्राइंडरच्या चाकाखाली दळली जाते, तेव्हा पाच मायक्रॉनपेक्षाही बारीक कण उडतात. केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरा, म्हणजे अंदाज येईल. हे कण दिसत नाहीत. उन्हाच्या तिरिपीत जी धूळ नाचताना दिसते ती त्या मानाने जाडी. ते थेट वायुकोशात पोचतात. तिथे पहारा देणाऱ्या भक्षकपेशी त्यांना गिळतात, कारण गिळणं हेच त्यांचं काम. जंतू गिळला असता तर पचवला असता. सिलिका पचत नाही. पेशीच्या पोटातली पाचक विकरांची पिशवीच ती फाडते, पेशी मरते, कण पुन्हा मोकळा होतो आणि पुढची पेशी त्याला गिळायला येते. या रेट्यात सूज येते, सुजेभोवती व्रणाचे धागे विणले जातात आणि गाठी तयार होतात, बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात. काम सोडलं तरी आत गेलेला कण काम सोडत नाही, म्हणून हा आजार निवृत्तीनंतरही वाढू शकतो.

रक्तात विकरं शोधण्याची कल्पना निघाली ती याच फाटलेल्या पिशवीतून. कल्पना चांगली आहे, आणि संशोधन चालूच राहावं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तर सीसी-१६ नावाच्या प्रथिनावर चाचणी तयार केली आहे. हे विकर नव्हे. श्वासनलिकांच्या बारीक फांद्यांतल्या पेशी ते बनवतात आणि सिलिकाने त्या पेशी मेल्या की रक्तातलं त्याचं प्रमाण घटतं. इथे वाढ नव्हे, घट बघायची असते. मात्र तिचा उपयोग चाळणीसारखा आहे: शेकडो कामगारांतून कुणाचा फोटो आधी काढायचा ते ठरवायला. बिडी-सिगारेटनेही ते घटतं. तुमच्या बाबांना चाळणीची गरजच नाही. २४ वर्षं नॉकआउट आणि फेटलिंग केलेला, जिन्यावर थांबणारा माणूस चाळणीच्या केव्हाच पलीकडे आहे.

सिलिकोसिसचं निदान जगभर आजही मुख्यतः दोन गोष्टींवर होतं: माणसाने धुळीत किती आणि कसलं काम केलं, आणि छातीच्या फोटोत काय दिसतं. फोटो वाचायचीही एक ठरलेली रीत आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे नमुना फोटो असतात, ते शेजारी ठेवून गाठींचा आकार आणि दाटी यांना श्रेणी देतात. म्हणून फोटो कुठे काढला यापेक्षा तो वाचला कुणी याला जास्त किंमत आहे. त्यानंतर फुंकायची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री. ती आजार आहे की नाही यापेक्षा फुप्फुसाची ताकद किती उरली ते सांगते आणि सुरुवातीला अगदी नॉर्मलही येऊ शकते. सीटी स्कॅन लागलाच तर डॉक्टर सांगतील, आपण होऊन करू नका.

आता तुम्ही पत्रात शेवटी-शेवटी, जाता जाता लिहिलेली २०१८ ची गोष्ट. माझ्या दृष्टीने तुमच्या सगळ्या पत्रात तीच सगळ्यात मोलाची आहे. थुंकीत जंतू नाहीत, फोटोत बहुधा दोन्ही बाजूंना वरच्या भागात ठिपके, आणि फोटोवरून टीबीचा कोर्स: धुळीच्या कामगारांच्या बाबतीत हा रस्ता मी इतक्या वेळा पाहिलाय की पत्राचा तो भाग वाचताना मान आपोआप हलली. दोन्ही आजारांची जागा तीच, ठिपकेही लांबून सारखे. आपल्याकडे टीबी इतका आहे की डॉक्टरचा हात आधी तिकडेच जातो, आणि "काय काम करता?" हा प्रश्न राहून जातो. पण म्हणून तो टीबी नव्हताच असंही मी म्हणणार नाही. सिलिका गिळून लुळ्या पडलेल्या भक्षकपेशी टीबीच्या जंतूंनाही आवरू शकत नाहीत. सिलिकोसिसच्या माणसाला टीबी होण्याचा धोका इतरांच्या कितीतरी पट असतो, आणि दोन्ही एकत्र असतात तेव्हा त्याला सिलिको-ट्युबरक्युलोसिस असं वेगळं नावच आहे. देशाच्या टीबी कार्यक्रमानेही २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत सिलिकोसिसच्या रुग्णांना टीबी टाळण्याच्या औषधासाठी विचारात घ्यायच्या गटात धरलं आहे.

म्हणून २०१८ ची ती फिल्म शोधा. कोर्सच्या आधीची, आणि असेल तर नंतरचीही. तिच्याशेजारी आजचा फोटो लावला की बरंच काही बोलतो. टीबीचे डाग औषधाने ओसरतात, निदान आकार बदलून व्रण होतात. सिलिकाच्या गाठी सहा महिन्यांच्या गोळ्यांना दाद देत नाहीत. त्या तशाच राहतात किंवा वाढतात. ही तुलना कुठल्याही विकराच्या आकड्याने होणार नाही.

जायचं कुठे? कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाची ओपीडी आहे, तिथे छातीविकार विभागात दाखवा. बाबांच्या पगारातून कर्मचारी राज्य विम्याची (ईएसआयची) कपात होत असेल (पगारचिठ्ठीवर कामगाराचा वाटा पाऊण टक्का दिसेल) तर विमा दवाखान्यातून जा, तो रस्ता पुढेही कामाचा आहे. खोलीत शिरताच रिपोर्ट पुढे करू नका. पहिलं वाक्य असं म्हणा: "चोवीस वर्षं फौंड्रीत, दहा नॉकआउट, चौदा फेटलिंग." डॉक्टरने विचारलं नाही तरी म्हणा, आणि केसपेपरवर लिहून घ्या. हे वाक्य केसपेपरवर असणं आणि नसणं यात पुढे फार फरक पडतो. थुंकीची तपासणी या वेळी जनुकीय पद्धतीच्या यंत्रावर करून घ्या, ती सरकारी यंत्रणेत मोफत आहे.

आता कामाची भीती. बाबा म्हणतात नाव काढलंस तर काम जाईल. बाबा चुकीचे नाहीत, ठेकेदारीत जातंही. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी गवगवा न करता तपासणी. तोवर घरात कागद गोळा करा: हजेरीकार्डं, पगारचिठ्ठ्या, भविष्यनिर्वाह निधीचं पासबुक (त्यात कुठल्या महिन्यात कुणी पैसे भरले ते दिसतं), विमा क्रमांक, गेटपास, दसऱ्याला भट्टीच्या पूजेचा खात्यातल्या लोकांबरोबरचा फोटोसुद्धा. तीन ठेकेदारांची नावं आणि साधारण वर्षं बाबांकडून एका वहीत लिहून घ्या, आठवतंय तोवर. नाहीतर काय होतं, ते गुजरातमधल्या गोध्रा-बालासिनोरच्या क्वार्ट्झ (सिलिकाचा दगड) दळणाऱ्या कारखान्यांत काम करून आलेल्या मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर-झाबुआ भागातल्या आदिवासी मजुरांना विचारावं. माणसं सिलिकोसिसने मेली आणि हातात कामाचा एक कागद नाही. २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायचा आदेश निघायला सर्वोच्च न्यायालयात २०१६ साल उजाडलं.

कायद्याच्या बाजूने तुमचं पारडं वाटतं तितकं हलकं नाही. सिलिकोसिस हा सरकारला कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे; जुन्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात तो होता. निदान करणाऱ्या डॉक्टरनेही तो कळवायचा असतो. फौंड्री हा धोकादायक प्रक्रियेच्या यादीतला उद्योग आहे, तिथे कामगारांची आरोग्यनोंद ठेवणं, वर्षातून एकदा तरी तपासणी करणं आणि ती नोंद कामगाराला बघू देणं ही मालकाची जबाबदारी. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही हे आलेलं आहे. गेटवरचं लॅबचं शिबिर म्हणजे ही तपासणी नव्हे, तिथे छातीचा फोटो काढला का ते बघा. विमा असेल तर व्यावसायिक आजार म्हणून विमा महामंडळाच्या वैद्यकीय मंडळापुढे जाता येतं. विमा नसेल तर भरपाईचा दावा करता येतो, आणि माणूस ठेकेदाराचा होता म्हणून मूळ मालक हात झटकू शकत नाही. दाव्याला मुदत असते, म्हणून निदानाचा कागद हातात आला की युनियनच्या किंवा कामगार खटले चालवणाऱ्या वकिलाला लगेच दाखवा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं तुमच्या भागातलं कार्यालय धुळीची मोजणी करू शकतं. तिथली तक्रार तुमच्या नावाने करायची की नाही हे निदानानंतर, बाबांना विचारून ठरवा.

निदान सिलिकोसिसचं निघालं तर गाठी विरघळवणारं औषध आज नाही. तसं कुणी विकत असेल, काढा असो की इंजेक्शन, उठून या. पण करण्यासारखं काहीच नाही असं मुळीच नाही. सगळ्यात मोठं औषध म्हणजे धुळीतून बाहेर येणं: मशीन शॉप, स्टोअर, डिस्पॅच, जिथे साचा आणि ग्राइंडर नाही अशी जागा मागणं. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस, दम्यासारखा भाग असेल तर पंप, चालण्याचे आणि श्वासाचे व्यायाम, टीबीवर दरवर्षी नजर. बिडी आठ वर्षांपूर्वी सोडली याबद्दल बाबांना माझ्याकडून शाबासकी द्या; ते त्यांनी कुणी न सांगता केलेलं सर्वोत्तम काम आहे. जागा बदलेपर्यंत तोंडाला गुंडाळलेल्या टॉवेलवर भिस्त नको. तो दिसणारी धूळ अडवतो, मारणारी आत सोडतो. किमान एन-९५ दर्जाचा मास्क हवा, दाढीवर न लोंबता चेहऱ्याला घट्ट बसलेला. पाळी संपताना हवेच्या पाइपने अंगावरची धूळ उडवायची सवय असेल तर ती आजच बंद करायला सांगा. दिवसभरात चुकवलेली धूळ माणूस त्या दोन मिनिटांत ओढून घेतो.

आईचं आणि तुमचं रक्त तपासायची गरज नाही. कपडे मात्र कारखान्यातच बदलता आले तर उत्तम. घरी आणलेच तर दारात झटकू नका. सरळ बादलीत बुडवा आणि वेगळे धुवा. बाबांच्या थुंकीत टीबी निघाला तर तुमची सगळ्यांची तपासणी आरोग्यसेवकच करतील.

फिल्म बहुतेक लोखंडी ट्रंकेत, जुन्या साड्यांखाली असेल. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या फिल्म तिथूनच आलेल्या असतात. घडी पडू देऊ नका, गुंडाळून न्या. आणि काकांनाही सोबत न्या, त्यांच्या गोळीच्या पाकिटासकट. बाबांच्या आधी त्यांचा नंबर लावलात तरी चालेल.